मुख्याध्यापकाची विद्या

उत्तम शिक्षक हा आपोआपच उत्तम मुख्याध्यापक होतो, अशी समजूत फार दिवसांपासून रूढ आहे. ती सर्वस्वी खोटी नाहीं. पण तिच्यावर विसंबून राहणें शाळेला महागांत पडतें. वीस-पंचवीस वर्षें गणित शिकविण्यांत घालविलेल्या एकाद्या शिक्षकाच्या हातीं जूनच्या आरंभीं नेमणुकीचा हुकूम पडतो आणि दुसऱ्या दिवशीं तो वेगळ्याच खुर्चीवर बसतो. त्या खुर्चीसमोर विद्यार्थी नसतात. असतात त्या सहकाऱ्यांच्या रजेच्या चिठ्ठ्या, पटसंख्येचीं कोष्टकें, शिक्षणखात्याचीं परिपत्रकें आणि पालकांच्या तक्रारी. कालपर्यंत जे बरोबरीचे होते त्यांच्याच वर्गांत जाऊन त्यांचें अध्यापन त्याला पाहावयाचें असतें. आणि जें दिसेल तें मन न दुखवितां, पण आडपडदाही न ठेवतां, त्यांना सांगावयाचें असतें. हें काम त्याला कोणीं कधीं शिकविलेलें नसतें.

महाराष्ट्रांतील खासगी शाळांसाठीं १९८१ सालीं जी नियमावली झाली, तिच्यांत माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठीं विद्यापीठाची पदवी, अध्यापनशास्त्राची पदवी आणि किमान पांच वर्षांचा अनुभव अशा अटी घातल्या, आणि पात्र शिक्षकांत जो सर्वांत ज्येष्ठ त्याचा हक्क पहिला मानला. ह्या नियमाचा हेतु चांगला आहे. संस्थाचालकांच्या मर्जीला त्यानें आळा बसतो. परंतु ज्येष्ठतेनें हक्क ठरतो. विद्या मिळत नाहीं. ती कोठून मिळावी, ह्या प्रश्नाचें एक उत्तर म्हणजे शैक्षणिक नेतृत्वाचा पदव्युत्तर अभ्यास होय. ह्या अभ्यासाचा इतिहास शंभरांहून अधिक वर्षांचा आहे, आणि त्यांत चुकलेल्या वाटाही पुष्कळ आहेत.

हा विषय विद्यापीठांत प्रथम रुजला तो अमेरिकेंत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील शहरें झपाट्यानें वाढलीं. परदेशांतून आलेल्या कुटुंबांचीं मुलें शाळांत दाखल होऊं लागलीं, आणि शहरांतील साऱ्या शाळांचा कारभार एका अधिकाऱ्याच्या अंगावर पडूं लागला. १९०५ सालीं न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमधून एलवुड कबर्ली व जॉर्ज स्ट्रेयर ह्या दोघांनीं डॉक्टरेट मिळविली. शालेय प्रशासनाच्या अभ्यासाचे आद्य पुरुष म्हणून ह्या दोघांचीं नांवें घेतलीं जातात. त्यांच्या प्रबंधांचे विषय लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. एकानें शाळांच्या निधीची वांटणी तपासली. दुसऱ्यानें शहरांतील शाळांचा खर्च तपासला. म्हणजे ह्या विद्येचा श्रीगणेशा मुलांपासून झाला नाहीं. तो हिशेबाच्या वहीपासून झाला.

पुढें १९११ सालीं फ्रेडरिक टेलर ह्यांचा कारखान्यांच्या शास्त्रशुद्ध व्यवस्थापनावरील ग्रंथ निघाला आणि अमेरिकेला काटकसरीचें व मोजमापाचें वेड लागलें. १९१६ सालच्या आपल्या ग्रंथांत कबर्ली ह्यांनीं शाळेची तुलना कारखान्याशींच केली. मूल हा कच्चा माल, समाज हा गिऱ्हाईक, आणि प्रशासक हा देखरेख करणारा कारभारी, असें तें चित्र होतें. एका विषयाच्या तासाला दर मुलामागें किती खर्च पडतो, ह्याचे हिशेब मांडण्यांत प्रशासक गढून गेले. रेमंड कॅलहन ह्यांनीं १९६२ सालीं ह्या साऱ्या काळाची कठोर झडती घेतली. शाळांचे अधिकारी लोकांच्या टीकेपुढें इतके दुबळे होते, कीं शिक्षणाचे जाणकार राहण्याऐवजीं ते व्यापारी पेढीचे व्यवस्थापक बनले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दरम्यान १९५० नंतर दुसरा प्रवाह सुरू झाला. समाजशास्त्र व मानसशास्त्र ह्यांच्या आधारें प्रशासनाचें निखळ शास्त्र उभारावें, अशी उमेद विद्यापीठांत निर्माण झाली. अँड्र्यू हॅल्पिन व डॉन क्रॉफ्ट ह्यांनीं शाळांचें वातावरण मोजण्यासाठीं प्रश्नावली तयार केली. कांहीं शाळांत मोकळेपणा असतो, तर कांहींत सारा व्यवहार मिटलेला असतो, आणि हा फरक मुख्याध्यापक व शिक्षक ह्यांच्या परस्परवर्तनांतून घडतो, हें त्यांनीं दाखविलें. हा लाभ मोठा होता. परंतु १९७४ सालीं इंग्लंडांत ब्रिस्टल येथें भरलेल्या परिषदेंत कॅनडाचे टॉमस ग्रीनफील्ड ह्यांनीं ह्या शास्त्राच्या पायालाच हात घातला. संस्था म्हणजे निसर्गांतील एकादी वस्तु नव्हे; माणसें तिला जो अर्थ देतात त्यांतून ती उभी राहते; म्हणून तिचे अबाधित नियम शोधणें व्यर्थ आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. मोठा वाद माजला. पण त्या वादानंतर शाळा चालविण्यांत नीतीचा आणि मूल्यांचा प्रश्न येतो, हें नाकारणें कठीण झालें.

इतकें झाल्यावरही मूळ प्रश्न शिल्लकच होता. मुख्याध्यापकाच्या वागण्यानें मुलांच्या शिकण्यांत कांहीं फरक पडतो काय? न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन व त्यांचे सहकारी ह्यांनीं अनेक देशांतील पूर्वीचीं संशोधनें एकत्र करून २००८ सालीं ह्याचें उत्तर दिलें. केवळ स्फूर्ति देणाऱ्या, ध्येयाची हांक घालणाऱ्या नेतृत्वापेक्षां अध्यापनाकडे प्रत्यक्ष लक्ष देणाऱ्या नेतृत्वाचा परिणाम तिप्पट-चौपट अधिक दिसून आला. त्यांतही एक गोष्ट सर्वांत प्रभावी ठरली. ती म्हणजे शिक्षकांच्या शिकण्याला उत्तेजन देणें आणि त्या शिकण्यांत स्वतः सामील होणें. जो मुख्याध्यापक शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवून आपण कचेरींत बसतो तो एक, आणि जो त्यांच्या शेजारीं बसून वही उघडतो तो दुसरा. मुलांच्या प्रगतींत फरक पडतो तो मुख्यतः ह्या दुसऱ्यामुळें.

हिशेबाच्या वहीपासून निघालेली ही विद्या अशा रीतीनें शंभर वर्षांनीं वर्गाच्या दारापाशीं येऊन पोहोंचली. हिशेब त्याज्य ठरले, असा ह्याचा अर्थ नव्हे. चांगल्या अभ्यासक्रमांत आजही अंदाजपत्रक, कायदा व सेवानियम शिकवावेच लागतात. मात्र त्यांच्या जोडीला वर्गाचें निरीक्षण कसें करावें, नवख्या शिक्षकाला धीर कसा द्यावा, मुलांच्या उत्तरपत्रिकांवरून अध्यापनांतील उणीव कशी ओळखावी, ह्या गोष्टीही शिकवाव्या लागतात. आपल्याच शाळेंतील एकादी अडचण घेऊन वर्षभर तिचा पद्धतशीर शोध घेणें, हा ह्या अभ्यासाचा खरा गाभा होय. सहावींतील मुली दुपारच्या सुटीनंतर शाळेंत कां राहत नाहींत, हा प्रश्न प्रबंधाला लहान नाहीं. त्याचें उत्तर शोधतां शोधतां मुख्याध्यापक शाळेचा उंबरठा ओलांडून वस्तींत जातो, आणि तेथेंच त्याचें खरें शिक्षण सुरू होतें.

धोकाही ध्यानीं घेतला पाहिजे. २००५ सालीं आर्थर लेव्हिन ह्यांनीं अमेरिकेंतील अशा अभ्यासक्रमांची पाहणी प्रसिद्ध केली. लेव्हिन त्या वेळीं टीचर्स कॉलेजचेच अध्यक्ष होते. म्हणजे ज्या घरांत ही विद्या वाढली, त्याच घरच्या कर्त्या पुरुषानें तिची झडती घेतली. बहुतेक अभ्यासक्रम निकृष्ट आहेत, पगारवाढीच्या आशेनें आलेल्यांना विद्यापीठें स्वस्तांत पदव्या वांटीत आहेत, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. इंग्लंडनें निराळाच अनुभव घेतला. तेथें १९९७ सालीं मुख्याध्यापकांसाठीं राष्ट्रीय पात्रता सुरू झाली, २००९ सालीं ती नव्या मुख्याध्यापकांस सक्तीची झाली, आणि २०१२ सालीं ती सक्ति उठविण्यांत आली. विद्या हवी, हें सर्वांना मान्य होतें. तिची सक्ति करावी कीं नाहीं, ह्याविषयीं मात्र एकमत झालें नाहीं.

भारतांत ह्या विचाराला मराठी हातांनींही पाणी घातलें आहे. जे. पी. नाईक ह्यांनीं १९४८ सालीं मुंबईंत भारतीय शिक्षणसंस्था काढली. ती पुढें पुण्यास आली. १९६४ ते १९६६ ह्या काळांत कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून त्यांनींच काम केलें. शिक्षणाचें नियोजन व प्रशासन ह्या विषयाची दिल्लींतील राष्ट्रीय संस्था २००६ सालीं अभिमत विद्यापीठ झाली, आणि २०१२ सालीं तिच्यांत शालेय नेतृत्वाचें राष्ट्रीय केंद्र उघडलें. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका महाराष्ट्रांतील शिक्षकांच्या परिचयाची आहे. नोकरी सांभाळून, आपल्याच भाषेंत शिकण्याची सोय तिनें झाली, हें तिचें मोठेंच उपकारक अंग होय.

तथापि दाराशीं सोय आली म्हणून विद्या घरांत आली असें होत नाहीं. पदविकेचा कागद सेवापुस्तकांत चिकटवून मुख्याध्यापक पुन्हां परिपत्रकांच्या ढिगाऱ्यांत शिरला, तर त्याचे पैसे आणि रात्रींची जागरणें दोन्ही वायां गेलीं. पण आठवड्यांतून दोन तास जरी तो एकाद्या वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसला, तेथून मुलांना काय दिसतें व काय ऐकूं येतें हें त्यानें पाहिलें, आणि संध्याकाळीं त्या शिक्षकाशीं बरोबरीच्या नात्यानें चार शब्द बोलला, तर ती विद्या फळाला आली असें समजावें. ह्या विद्येची शेवटची परीक्षा विद्यापीठांत होत नाहीं. ती त्या मागच्या बाकावर होते, आणि तिचा निकाल मुलांच्या पदरीं पडतो.