काच आणि पत्रा यांची जोडी कशी जमते?



आमच्या पहिलीच्या वर्गाला एकच खिडकी आहे, तीही उत्तरेला. वीज गेली की लहान मुलांना पाटीवरची अक्षरे दिसत नाहीत. म्हणून सातवीच्या मुलांनी ठरवले की, अंगणात आरसा उभा करून ऊन आत सोडायचे. एक फूट लांब आणि एक फूट रुंद आरसा आणला. तो ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवला आणि पत्रा लाकडी घोडीवर ठोकला. दोन नळ्या कालवून लावतात तो कडक गम आरशाच्या पाठीवर सगळीकडे फासला. आम्हाला वाटले, गम जितका जास्त तितका जोड पक्का!

उजेड छान पडला. पहिलीची मुले टाळ्या वाजवू लागली. पण पाचव्या दिवशी भर दुपारी ‘टक्’ असा आवाज झाला आणि कोपऱ्यापासून मधोमध तडा गेला. कोणी हात लावला नव्हता, दगडही लागला नव्हता. नशीब, तुकडा कोणाच्या अंगावर पडला नाही.

आरसा फुटला कसा?

गुरुजी म्हणाले, “लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव कशी बसवतो ते आठवा पाहू.” लोहार लोखंडी धाव आधी लालबुंद तापवतो. तापली की ती मोठी होते व चाकावर सहज बसते. वर पाणी ओतले की आवळते. म्हणजे उष्णतेने धातू प्रसरण पावतो आणि थंड झाल्यावर आकुंचन पावतो.

काचही प्रसरण पावते, पण कमी. एक मीटर लांबीची वस्तू १० अंश सेल्सिअसने तापली, तर ॲल्युमिनियम सुमारे ०.२३ मिलिमीटर वाढते, लोखंड ०.१२ आणि साधी काच ०.०९ मिलिमीटर वाढते.

आता आमचा हिशेब करा. सकाळी पत्रा २० अंशांवर असेल आणि दुपारी ५० अंशांवर गेला, तर एका फुटात पत्रा काचेपेक्षा सुमारे ०.१३ मिलिमीटर जास्त वाढतो. म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीएवढा! तुम्ही म्हणाल, एवढ्याशाने काय होते? पण गम कडक होता. पत्रा काचेला आपल्याबरोबर ओढू लागला. काचेला दाब पुष्कळ सोसतो, ताण मात्र सोसत नाही. कापताना कोपऱ्यावर बारीक टवका उडाला होता, तिथूनच ती तडकली.

मग आरशावरची चांदी का तुटत नाही?

हा प्रश्न आमच्या वर्गातील एका मुलीने विचारला. प्रश्न बरोबर आहे, कारण आरसा म्हणजे काच आणि धातू यांचीच जोडी. न्यूटनने १६६८ साली आरशाची दुर्बीण केली, तेव्हा आरसा सगळा धातूचाच होता. तो लवकर काळवंडे. पुढे १८३५ साली जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांनी काचेवर चांदीचा थर चढविण्याची रासायनिक रीत दाखवली. हा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असू शकतो. एवढ्या पातळ थरात काचेला ओढण्याचे बळ कुठले? काच जाईल तिकडे तो मुकाट्याने जातो. जाड पत्रा मात्र ऐकत नाही.

शास्त्रज्ञ काय करतात?

तमिळनाडूत कावलूर येथे वेणू बाप्पू दुर्बीण आहे. १९८६ साली तिला हे नाव दिले. तिचा आरसा २.३४ मीटर रुंद आहे, म्हणजे उंच माणूस त्यावर आडवा झोपेल. अशा आरशाचा आकार मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाने जरी बिघडला, तरी तारा पुसट दिसतो. म्हणजे काच फुटायची वाटच पाहायला नको, नुसती वाकली तरी काम बिघडले.

यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय : सारख्या स्वभावाची जोडी शोधणे. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या गियोम या शास्त्रज्ञाने १८९६ साली लोखंड आणि निकेल यांचा एक मिश्रधातू शोधला. त्यात सुमारे ३६ टक्के निकेल असते. त्याचे नाव इन्व्हार. तो तापला तरी फारच थोडा वाढतो. या संशोधनासाठी गियोम यांना १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या आरशांची काचही जवळजवळ न वाढणारी घेतात आणि तिला इन्व्हारचे तुकडे चिकटवतात. जुन्या विजेच्या बल्बमध्ये काचेतून आत जाणारी तार आधी प्लॅटिनमची असे, कारण ते काचेइतकेच वाढते.

दुसरा उपाय : दोघांच्या मध्ये मऊ थर ठेवणे. थर रबरासारखा असला की पत्रा सरकतो, थर ताणला जातो आणि काचेला त्रास होत नाही.

आम्ही काय केले?

इन्व्हार आम्हाला कुठून मिळणार? आम्ही दुसरा उपाय केला.

१) पत्रा पॉलिश पेपरने घासून खरखरीत केला व स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. बोटाचा तेलकटपणा राहिला तर जोड सुटतो.

२) दुकानातून सिलिकॉनची नळी आणली. आंबट वासाचे सिलिकॉन आरशाच्या पाठीवरची चांदी खराब करते, म्हणून ‘न्यूट्रल’ लिहिलेली नळी घेतली.

३) सगळीकडे न फासता फक्त तीन ठिकाणी रुपयाएवढे ठिपके दिले. मध्ये आगपेटीच्या काड्या ठेवल्या, म्हणजे थर काडीएवढा जाड राहतो. तीन दिवस आडवे ठेवून मग काड्या ओढून काढल्या.

४) पत्र्याची खालची कड दुमडून त्यात सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली. जोड सुटलाच तरी आरसा खाली पडणार नाही.

हा आरसा दिवाळीनंतर लावला. एप्रिलचे ऊन खाऊनही तो शाबूत आहे. वीज गेली की पहिलीची मुले आता स्वतःच ओरडतात, “दादा, ऊन सोडा!”

सूचना : आरशातून सूर्याकडे कधीही पाहू नये. कवडसा मुलांच्या डोळ्यांवर न टाकता वरच्या पांढऱ्या भिंतीवर टाकावा. पालकांनी घोडी मागच्या बाजूने जरूर पाहावी, तीन ठिपके तिथूनच दिसतात.

घट्ट आवळले म्हणजेच जोड टिकतो असे नाही. दोघांना थोडे हलायला जागा ठेवली, म्हणून आमचा जोड टिकला.

— विज्ञान मंडळ, इयत्ता सातवी