सावलीतली टपरी आणि उन्हातलं पॅनेल

अलिबागच्या दक्षिणेला नागाव, आक्षी, रेवदंडा अशी पुळणींची माळ लागते. आक्षी म्हटलं की या अंकाच्या वाचकांना शके 934 चा मानला जाणारा मराठी शिलालेख आठवेल. मी मात्र गेली काही वर्षं तिथे जातो तो टपऱ्या बघायला. शुक्रवारी रात्री या पट्ट्यात मुंबई-पुण्याच्या गाड्या शिरू लागतात. 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला वाहनं नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि ओघ आणखी वाढला. रविवारी रात्री सगळं रिकामं. या दोन दिवसांपुरत्या सुरूच्या बनात टपऱ्या उभ्या राहतात. त्यांत कोकम सरबत, मॅगी, भजी, शहाळी मिळतात. पावसाळ्यात त्याही गुंडाळल्या जातात.

या टपऱ्यांना वीजमीटर मिळत नाही, कारण मीटरला जागेचा पुरावा लागतो आणि भरतीरेषेजवळ पक्कं बांधकाम करायला किनारा नियमन क्षेत्राचे नियम आड येतात. फेरीवाल्यांसाठी 2014 चा केंद्रीय कायदा आहे, पण तो बेतला आहे शहरांसाठी; ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या पुळणीवर त्याचा उपयोग नाही. 2024 ची सूर्यघर योजना घराच्या छपराला अनुदान देते आणि टपरीला छप्पर असलं तरी ते घराचं नसतं. मग उरतो जनरेटर. आधीच्या पिढीत गॅसबत्ती होती, तिचा निदान आवाज तरी समुद्रापेक्षा कमी होता.

मी पेशाने अभियंता नाही. जे शिकलो ते जुनी पुस्तकं, मल्टिमीटर आणि चुका यांतून. त्यातली एक चूक दुसऱ्याच्या पैशाने झाली, म्हणून हा लेख.

नागावच्या किनाऱ्यावर एक वहिनी सरबताची टपरी चालवतात. माझ्या आग्रहावरून त्यांनी 100 वॅटचं पॅनेल आणि एक लहान शिशाची बॅटरी घेतली. पॅनेल मी स्वतः टपरीच्या पत्र्यावर बसवलं, दक्षिणेकडे तोंड करून, अक्षांशाइतकं साडेअठरा अंश कलवून, पुस्तकात असतं तसं. पहिल्या शनिवारी सात वाजताच दिवे मंदावले. दुसऱ्या शनिवारी वहिनी म्हणाल्या, "भाऊ, हे काय नुसतं शोभेला लावलंत?"

भर दुपारी मीटर लावून पाहिला. पाच अँपिअर यायला हवे होते, एकसुद्धा पुरता येत नव्हता. कारण डोक्यावरच होतं. सुरूची सावली विरळ, जाळीदार असते. तिच्याखाली बसलेल्या माणसाला ती पूर्ण सावलीही वाटत नाही. पॅनेलला मात्र ती पुरते. त्यातले 36 सेल एकामागे एक जोडलेले असतात. पाणवठ्यावरून हंडे हातोहात पुढे देणारी माणसांची रांग डोळ्यांसमोर आणा, मधला एक जण दमला की अख्ख्या रांगेचा वेग त्याच्याएवढा होतो. यावर उपाय म्हणून पॅनेलमध्ये डायोड बसवलेले असतात, ते दमलेल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेतात. पण वळसा घातला की अर्धे सेल बाद होतात, दाब 18 व्होल्टवरून 9 वर येतो आणि 12 व्होल्टच्या बॅटरीत त्या दाबाने काही शिरत नाही.

मग टपरी उन्हात हलवायची? तिथे गिऱ्हाईक बसत नाही. पॅनेल उन्हात ठेवून लांब वायर ओढायची? 1 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत, दहा मीटर जाऊन-येऊन, पाच अँपिअरला जवळजवळ 2 व्होल्ट वाटेतच गळतात. जाड वायर घेता येते, पण मग उघड्या पुळणीवरचं पॅनेल सोमवार ते शुक्रवार सांभाळणार कोण? शिवाय खारा वारा. काचेवर मिठाचा पातळ थर बसतो आणि जोडण्यांवर हिरवा गंज चढतो.

उत्तर मला कर्नाटकात सापडलं. हरीश हांडे यांच्या 1995 मध्ये सुरू झालेल्या सेल्को या संस्थेने (हांडे यांना 2011 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला) रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी वेगळीच रीत रुजवली होती. एक जण दिवसभर एका जागी बॅटऱ्या भरतो आणि संध्याकाळी त्या भाड्याने गाड्यांवर पोहोचवतो. विक्रेत्याला महिन्याचे 300 रुपये जड वाटतात, रोजचे 10 नाहीत, हे हांडे यांचं निरीक्षण प्रसिद्धच आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती ताटातूट, पॅनेल एकीकडे आणि दिवा दुसरीकडे. छायाचित्रांतल्या सौर टपरीच्या डोक्यावर पॅनेल असतंच, म्हणून मीही ते तिथेच चढवलं होतं.

शनिवार-रविवारच्या धंद्याला तर ही ताटातूट फारच मानवते. वहिनींचा हिशेब असा: 9 वॅटचे तीन दिवे चार तास, 500 वॅटचा मिक्सर सगळा मिळून अर्धा तास, फोन आणि पैसे आल्याची वर्दी देणारा तो बोलका डबा, इन्व्हर्टरची गळती धरून दिवसाला 420 वॅट-तास. रोज उघडणाऱ्या दुकानाला एवढ्यासाठी सव्वाशे वॅटचं पॅनेल लागेल. पण दोन दिवसांचे 840 वॅट-तास भरायला पाच दिवस हाताशी असतील, तर 50 वॅटचं पॅनेलही पुरतं. पॅनेल लहान चालतं, बॅटरी मात्र मोठी हवी. ती उचलून न्यायची, म्हणून शिशाची नको: तेवढं काम करणारी शिशाची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोंच्या वर जाते, लिथियम-फॉस्फेटची 100 अँपिअर-तासांची बारा किलोंच्या आसपास. वहिनी ती स्कूटीच्या पायापाशी ठेवून आणतात.

थंडाव्याचं मात्र सूर्याला झेपत नाही. 20 किलो बर्फ वितळताना सुमारे 1.8 युनिट उष्णता शोषतो. तेवढा गारवा यंत्राने करायचा तर वहिनींच्या पॅनेलची तीन-चार दिवसांची कमाई एका दिवसात जाईल. बर्फ कारखान्यातूनच येतो, पुढेही येईल.

आता एक प्रश्न, जो मी बरेच दिवस टाळला. घरी मीटर आहे, आठवड्याला एक युनिटही लागत नाही. मग बॅटरी भिंतीवरच्या प्लगवर का भरू नये? भरावी. वीज दहा रुपयांच्या आत मिळते. जनरेटर तासाला सुमारे अर्धा लिटर पेट्रोल पितो, म्हणजे शनिवार-रविवारचे चारशेहून अधिक रुपये आणि तीस आठवड्यांच्या हंगामाचे बारा हजार. बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून तीस हजारांना पडले. ते अडीच हंगामांत फिटतात, आणि फिटतात ते बॅटरीमुळे. सौर टपरीवर लिहायला बसलो आणि सूर्य दुय्यम ठरला, हे मला रुचलेलं नाही. पण वहीत तसंच आहे.

पॅनेलचा उपयोग आहे तो वेगळ्या दिवसांत. 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर रायगड जिल्ह्यातली कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. तेव्हा फोन चार्ज करायला माणसं मैलोन् मैल हिंडत होती. आणि दिवाळी-नाताळच्या सुट्टीत टपरी सलग आठ-दहा दिवस उघडी असते, तेव्हा पाच दिवसांची सवड नसते आणि वीजही नेमकी तेव्हाच जाते.

ते 100 वॅटचं पॅनेल आता वहिनींच्या पडवीच्या कौलांवर आहे, नारळाच्या सावलीपासून हात राखून. शिशाच्या बॅटरीचे पैसे मी दिले. त्यांनी ते दोन हंगाम घेतले नाहीत, तिसऱ्याला घेतले. आठवड्यातले पाच दिवस नव्या बॅटरीवर सासूबाईंचा पंखा चालतो. शनिवारी बॅटरी किनाऱ्यावर जाते आणि वीज गेली की पंखा थांबतो. मागच्या वैशाखात मी पडवीत बसलो होतो, तेव्हा म्हातारीने हातपंखा माझ्याकडेच सरकवला.