हवामान बदल आणि कोकण किनाऱ्यावरील मासेमारी : एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना
मराठवाड्याच्या आठवडी बाजारात येणारे सुके बोंबील आणि सुकट ही कोकण किनाऱ्यावरील श्रमांची फळे आहेत. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावरील कोळी, भंडारी, गाबीत, दालदी आदी समाजांची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर अवलंबून आहे. मराठवाड्यातील शेतकरी ज्या मोसमी पावसाच्या लहरीपणाने त्रस्त आहे, त्याच बदलत्या हवामानाचे आघात किनाऱ्यावरील मच्छीमारही सोसत आहे. हवामान बदलाचा सागरी मत्स्यव्यवसायावर नेमका कसा परिणाम होतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अरबी समुद्राचे वाढते तापमान
केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० मधील अहवालानुसार उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे १ अंश सेल्सिअसने वाढले. पृष्ठभागाचे पाणी तापले की ते हलके होऊन वरच तरंगत राहते आणि खालच्या थंड, पोषकद्रव्ययुक्त पाण्यात सहजासहजी मिसळत नाही. परिणामी वनस्पती प्लवकांची वाढ खुंटते. प्लवक हा सागरी अन्नसाखळीचा पाया असल्यामुळे त्याचा परिणाम लहान माशांपासून मोठ्या माशांपर्यंत पोहोचतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पती प्लवकांत सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे दाखविले आहे. याशिवाय उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अरबी समुद्राच्या मध्यम खोलीत मुळातच अल्प प्राणवायूचा विस्तीर्ण थर असल्याने ही बाब अधिक चिंताजनक ठरते.

माशांचे स्थलांतर
मासा हा शीत रक्ताचा जीव असल्याने तो अनुकूल तापमानाच्या शोधात स्थान बदलतो. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार, पूर्वी मुख्यत्वे मलबार किनाऱ्यालगत आढळणारी तारली उत्तरेकडे पसरली, तर बांगडा अधिक खोल पाण्यातही सापडू लागला. एखाद्या जातीचे उत्तरेकडे येणे वरकरणी लाभदायक वाटले, तरी लहान होडीच्या मच्छीमारास खोल पाण्यातील मासा गाठता येत नाही. मासा समुद्रात असूनही तो त्याच्या जाळ्याबाहेर जातो.

चक्रीवादळे आणि बुडालेले दिवस
पुण्याच्या याच संस्थेच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या कालखंडाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलेल्या 'निसर्ग' वादळाने घरे, बागा आणि नौका यांची मोठी हानी केली. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले.

तथापि किनाऱ्यावर न धडकणारी वादळेही नुकसान करतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मधील 'क्यार' आणि 'महा' ही वादळे महाराष्ट्रात धडकली नाहीत. परंतु ऐन हंगामात नौका बंदरात अडकून पडल्या. त्या वर्षी राज्याचे सागरी मत्स्योत्पादन सुमारे २ लाख टनांवर आले. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मते हे ४५ वर्षांतील नीचांकी उत्पादन होते व त्यामागे प्रतिकूल हवामान हे एक प्रमुख कारण होते. पडलेल्या घराचा पंचनामा होतो. न झालेल्या फेरीचा पंचनामा कसा करावयाचा, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

स्त्रियांच्या श्रमांवरील परिणाम
सातपाटी, अर्नाळा, वसई, वर्सोवा या परिसरात डोल जाळ्यांनी पकडलेले बोंबील बांबूच्या वलांडीवर उन्हात वाळविले जातात. मासळी वाळविणे, निवडणे व विकणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. अवकाळी पावसाची एक सरही वाळत घातलेला माल कुजविण्यास पुरेशी असते. नौकेच्या हानीची नोंद सहज होते, मात्र स्त्रियांच्या हातून निसटलेल्या या उत्पन्नाची दखल क्वचितच घेतली जाते.

अन्य कारणे
सर्व घटीचे खापर हवामानावर फोडणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरणार नाही. यांत्रिक नौकांची वाढ, पर्ससीन जाळी, प्रखर दिव्यांच्या साह्याने होणारी मासेमारी, लहान आसाची जाळी आणि खाड्यांचे प्रदूषण ही कारणेही तितकीच गंभीर आहेत. राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, तर २०२३ मध्ये पापलेट हा राज्यमासा घोषित केला. अतिमासेमारीने क्षीण झालेल्या माशांच्या साठ्यास तापमानवाढीचा आघात पेलणे अधिक कठीण जाते. म्हणजेच ही कारणे परस्परपूरक आहेत.

निष्कर्ष
हवामान बदल हा कोकणातील मच्छीमारासाठी भविष्यातील धोका नसून वर्तमानातील वास्तव आहे. समुद्राचे तापमान गावपातळीवर रोखता येणार नाही. परंतु पिलांच्या पकडीस आळा, कांदळवनांचे रक्षण, मासळी वाळविण्यासाठी आच्छादित ओटे, तसेच बुडालेल्या मासेमारीच्या दिवसांना भरपाई देणारी विमा योजना हे उपाय शक्य आहेत. शेतकऱ्याच्या दुष्काळाची मोजणी करणारी व्यवस्था राज्यात दीर्घकाळ अस्तित्वात आहे. मच्छीमाराच्या दुष्काळासाठीही तशीच कायम व्यवस्था उभी राहणे हीच काळाची गरज आहे.