शेंडगाव (संत गाडगेबाबा जन्मस्थान)

शेंडगाव हे महाराष्ट्राच्या अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात असलेले गाव होय. कीर्तनकार व लोकशिक्षक संत गाडगेबाबा यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी येथे झाला. जुन्या लेखनात गावाचे नाव शेणगाव आणि तालुका दर्यापूर असा आढळतो.

बालपण

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचे कुटुंब परीट समाजातील होते. वडील व्यसनाच्या आहारी गेले व अकाली वारले. त्यानंतर आई सखुबाई डेबूजींना घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरगावी गेल्या. त्यामुळे शेंडगाव हे जन्मस्थान असले, तरी बाबांचे बालपण व तारुण्य मामांच्या घरी, गुरे राखण्यात व शेती करण्यात गेले. मामांची जमीन सावकारी कर्जात गेली. दारू, कर्ज आणि निरक्षरता या तिन्हींवर बाबांनी पुढे कीर्तनांतून सतत प्रहार केले, त्याची मुळे या अनुभवांत दिसतात.

गृहत्याग व कार्य

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा व मडक्याचे गाडगे घेऊन ते गावोगाव फिरत. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम असे. ते स्वतः शाळेत शिकलेले नव्हते. तथापि घरातील भांडी विकावी लागली तरी चालेल, पण मुलांना शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. लोकवर्गणीतून त्यांनी धर्मशाळा, घाट, वसतिगृहे व शाळा उभारल्या. पंढरपूर येथील चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस दिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये कराड येथे स्थापन केलेल्या महाविद्यालयास बाबांचे नाव आहे.

महत्त्व

हजारो प्रवाशांसाठी निवारे बांधणाऱ्या बाबांनी स्वतःसाठी मात्र घर बांधले नाही. म्हणूनच त्यांच्या चरित्रात शेंडगाव व दापुरे या दोन गावांना विशेष स्थान आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी अमरावती येथे आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठास पुढे संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले.