गावातला दारुडाही प्रसिद्धच असतो

३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. व्यासपीठावर बसलेल्या माजी कसोटीपटू विनोद कांबळीने भेटायला आलेल्या सचिन तेंडुलकरचा हात धरला, तो सोडता सोडेना. काही सेकंदांचा तो व्हिडिओ देशभर फिरला. गोंदियातल्या पानठेल्यांवरही पोहोचला आणि निकाल तिथल्या तिथे लागला. "काय होता अन् काय झाला जी! पैसा डोक्यात गेला." अशा वेळी निकाल देणाऱ्याच्या गालात बहुधा खर्रा असतो.

खर्रा म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगावं लागेल. बारीक कापलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एका पन्नीत घ्यायचा आणि पाटीवर ठेवून तळहाताने घोट-घोट घोटायचा. सुपारी चुन्याने ओलसर, पिवळट झाली की पन्नीला गाठ मारून पुडी गिऱ्हाइकाच्या हातात. आता मोठ्या ठेल्यांवर घोटायची मशीनही आली आहे. पूर्व विदर्भात शिपाई, मास्तर, रोवणीची बाई, बारावीतलं पोट्टं असे सगळेच ही पुडी खिशात किंवा कमरेला बाळगतात. पाहुण्याला पाणी विचारण्याआधी खर्रा विचारणारी घरं आहेत. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, सुगंधित तंबाखू आणि सुपारीची मिश्रणंही पुढे त्या बंदीत आली. खर्रा मात्र घोटला जातोच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखू वगळून नुसत्या सुपारीलासुद्धा, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. वर्षानुवर्षं सुपारी चघळली की गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं. तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासं होतं. दंतवैद्य तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगतात आणि दोनच जातात. तरी कोणी कोणाला 'खर्राबाज' म्हणून सोयरीक नाकारत नाही. सगळेच खातात, मग नावं कोण ठेवणार?

तंबाखूशी गोंदिया जिल्ह्याचं नातं जुनंच आहे. तेंदूपत्ता आणि बिडी यांवर इथल्या हजारो चुली पेटल्या. बिडीच्या धंद्यातून उभ्या राहिलेल्या मनोहरभाई पटेलांनी जिल्ह्यात शाळा-महाविद्यालयं काढली. तेव्हा तंबाखूला इथे परकं मानायची सोयच नव्हती. सांगायचं एवढंच की समाज व्यसनाचा निवाडा करतो, तेव्हा तो पदार्थ किती घातक आहे हे मोजत नाही. कोण घेतो आणि किती लोकांच्या डोळ्यांवर येतो, हे बघतो.

कांबळी त्याच्या दारूसकट डोळ्यांवर आलेला माणूस. १९८८ मध्ये शाळकरी वयात सचिनबरोबर ६६४ धावांची अभेद्य भागीदारी, १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७, सतरा कसोटींत १,०८४ धावा आणि ५४.२० ची सरासरी. शेवटची कसोटी खेळला तेव्हा वय चोविसाच्या आत. हे आकडे पाठ असलेला माणूस तो व्हिडिओ पाहतो, तेव्हा त्याला आजारी माणूस दिसत नाही, वाया गेलेला ठेवा दिसतो आणि आपलीच काहीतरी फसवणूक झाल्यासारखा तो चिडतो. त्याच डिसेंबरात कांबळीला भिवंडीजवळच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं, मेंदूत गुठळ्या असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. वॉर्डात नाचतानाचा त्याचा व्हिडिओही निघाला. १९८३ च्या विश्वविजेत्या संघातल्या मंडळींनी मदतीची तयारी दाखवली, अट एकच की आधी व्यसनमुक्तीसाठी दाखल व्हायचं. तोही एका मुलाखतीत तयार असल्याचं म्हणाला. या सगळ्यात उपचारापेक्षा व्हिडिओच जास्त पाहिले गेले.

मुंबईच्या माणसाला वाटतं, हे फक्त नामवंतांच्या वाट्याला येतं. अर्जुनी मोरगाव किंवा सालेकसा तालुक्यातलं दोनशे उंबऱ्यांचं गाव डोळ्यांसमोर आणा. तिथला दारुडाही प्रसिद्धच असतो. तो कुठे पडला, कोणी उचलून आणला, बायकोच्या गळ्यातली पोत कोणत्या सावकाराकडे गेली, हे सूर्य उगवायच्या आत गावभर झालेलं असतं. पोराला शाळेत बापाच्या नावाने हाक मारतात. सून माहेरी निघून गेली तर "तिलाच सांभाळता आलं नाही" असा शेरा तयार असतो. कांबळीला निदान अनोळखी लोक नावं ठेवतात. इथे नावं ठेवणारे बांधाला बांध लागून असतात आणि धानकापणीच्या मजुरीसाठी सकाळी त्यांच्याच दारात जायचं असतं.

मोहाची दारू इथे आजची नाही. गोंड कुटुंबांत देवाला आणि पितरांना मोहाची धार पडते, जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत ती असते. तिला सरसकट पाप ठरवणारा शहरी सूर मला खटकतो. पण विधीला थेंब पडणं वेगळं आणि आंबवलेल्या सडव्यात नवसागर घालून रोज गाळलेली दारू पहाटे पाचला लागणं वेगळं. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, गोंदियात नाही. त्यामुळे सीमेवरच्या गावांत एकाच माणसाची बाटली ओढ्याच्या एका काठावर गुन्हा आणि दुसऱ्या काठावर महसूल असते.

मग सुटायचं कसं? आपल्या भागात याचं सर्वांत मोठं उत्तर दवाखान्याने दिलेलं नाही. ते दिलं नागपूरच्या महानत्यागी बाबा जुमदेवजींच्या परमात्मा एक सेवक मंडळाने. चार तत्त्वं, तीन शब्द, पाच नियम, हा त्यांचा मार्ग. मार्गात यायचं तर दारू, जुगार, सट्टा सोडावा लागतो. भंडारा-गोंदियाच्या खेड्यांत अशी घरं सहज भेटतात. या मार्गातल्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही. पण एक गोष्ट तिथे अचूक होते. कालपर्यंत 'बेवडा' असलेला माणूस आज 'सेवक' होतो. गावाने चिकटवलेलं नाव खरवडून काढायला त्याला दुसरं नाव मिळतं, आणि ते नाव धरून ठेवायला पन्नास माणसं आजूबाजूला असतात.

धोका दुसरीकडे आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने शपथ घेऊन एका रात्रीत दारू तोडली, तर हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, माणूस बरळतो, आणि उपचार नसेल तर दगावूही शकतो. गावात याला कोणी "बाहेरचं लागलं" म्हणतं, कोणी म्हणतं "सोडायला लावली म्हणून नाटक करतो". पहिले आठ-दहा दिवस डॉक्टरांच्या देखरेखीत आणि गोळ्यांवर काढले, तर हे टळतं. शपथ त्यानंतरही घेता येते.

एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राचं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये जाहीर झालं. दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी लोक त्यात निघाले. दारूचं अवलंबित्व जडलेल्यांपैकी ३८ जणांत एकाला कुठला ना कुठला उपचार मिळाला होता, दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक. उरलेल्यांना दवाखाना दूर पडला, पैसे नव्हते, हे आहेच. पण मनोविकाराच्या खोलीबाहेरच्या बाकावर गावातलं कोणी पाहील, ही भीतीही त्यात धरावी लागेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनोवस्थांना आजारात धरलं, पण त्या बाकाची लाज कायद्याने जात नाही.

ही लाज ओळखून बांधलेली एक रीत मात्र आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनी सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेत आडनाव सांगायचं नसतं. तिथे कलेक्टर आणि हमाल दोघेही नुसत्या नावाने ओळखले जातात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, त्याला पार्श्वभूमी होती ती अनिल अवचटांच्या गर्द या अमली पदार्थावरच्या लेखांची आणि ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. व सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीची. तिथल्या कार्यकर्त्यांत व्यसनातून बाहेर आलेले पुष्कळ आहेत. आपण ज्या खड्ड्यात आहोत तिथून वर आलेला माणूस समोर बसला, की खोटं बोलायची गरज उरत नाही.

कायद्यातही एक फट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातलं ६४-अ कलम, थोड्या प्रमाणातल्या पदार्थाच्या प्रकरणात किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनीने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. २००१ मध्ये कोकेनच्या प्रकरणात अटक झालेल्या अभिनेता फरदीन खानला २०१२ मध्ये याच कलमाचा आधार मिळाला. त्याच्याकडे वकील होता. गांजाच्या पुडीसह सापडलेल्या रेल्वे फलाटावरच्या पोराला हे कलम कोण सांगणार?

गोंदियाहून नागपूर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, गाड्यांना तोटा नाही. बरीच घरं नवऱ्याला किंवा मुलाला तिकडच्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करतात आणि गावात सांगतात, "नागपूरले कामाले लागला." या खोटेपणाबद्दल मी त्या घरांना नावं ठेवणार नाही. गावाच्या नजरेआड महिना-सव्वा महिना मिळणं हा उपचाराचाच भाग आहे. कुठे जावं हे कळत नसेल, तर केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन विनामूल्य आहे, तिथे घरातल्या बाईनेही फोन करावा. कठीण काळ सुरू होतो तो परतल्यावर. आपल्याकडे पोळ्याच्या पाडव्याला बाटली आणि पत्त्यांचा डाव ठरलेला. तीन महिने कोरडा राहिलेला माणूस त्या दिवशी पारावर आला आणि जुन्या दोस्तांनी "एवढ्यात साधू झाला का बे?" न विचारता त्याच्यापुढे चहा सरकवला, तरी त्याचा तो दिवस निघून जातो.