तांबड्या खारींचं बेट

गुढीपाडव्याच्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल बंदरातून ब्राउन्सी बेटाच्या बोटी पुन्हा सुरू होतात. प्रवास अर्ध्या तासाच्या आतला, पण बेट पाहायला दिवस अपुरा पडतो.

इथलं खरं वैभव तांबडी खार. अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींनी आणि त्यांच्यामुळे पसरणाऱ्या विषाणूने तिला बहुतेक इंग्लंडमधून हुसकावलं. इथे भोवतालच्या पाण्याने ती तगली. पालवी दाट होण्याआधी ती सहज दिसते: पाइनचं फळ पंजांत धरून सोलणारी, कानांवर हिवाळ्यातले केसांचे झुपके अजून मिरवणारी. शेकरू पाहिलेल्याला ती चिमुकलीच वाटेल.

मेरी बॉनहॅम-क्रिस्टी यांनी १९२७ साली बेट विकत घेऊन रान वाढू दिलं, हे मोठंच काम. १९६२ पासून ते नॅशनल ट्रस्ट या संवर्धन संस्थेकडे आहे. पाडव्याच्या याच दिवसांत बेटाच्या खाजणाकाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून परतणारे सुरय पक्षी दिसू लागतात. पाळीव कुत्र्यांना मात्र बेटावर बंदी आहे, आणि ते योग्यच आहे.