थांबवता येणारा धडा

शिकण्याची साधने : लेखांक ७

भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवर उतरले की रुळांच्या एका अंगाला पोलाद कारखान्याची टाउनशिप लागते. आखीव सेक्टर, झाडांचे रस्ते, कारखान्याने उभारलेल्या शाळा. दुसऱ्या अंगाला बाजार, नंदिनी रोड आणि कॅम्पच्या वस्त्या. १९५५च्या भारत-सोव्हिएत करारानंतर कामासाठी इथे देशभरातून माणसे आली. तेलुगू, ओडिया, बंगाली, मल्याळी, पंजाबी, भोजपुरी, मराठी घरे एकमेकांच्या शेजारी वसली. छत्तीसगढी बोलणारी गावे तर आधीपासून भोवती होतीच. त्यामुळे इथल्या शाळेत पुस्तक हिंदी असले, तरी ते उघडणाऱ्या मुलांच्या घरची भाषा एक नसते. प्रत्येक मूल वेगळ्या रीतीने शिकते, हे इथल्या मास्तरांना प्रशिक्षण शिबिरात सांगावे लागत नाही. हजेरी घेतानाच ते कळते.

गेल्या आठवड्यात आपण शालेय रेडिओबद्दल बोललो. आज चित्राकडे आणि नंतर मोबाइलकडे वळू. प्रश्न असा की, एकच धडा हजारो मुलांपर्यंत पोचवणारे यंत्र त्यांतल्या एकेका मुलाच्या कितपत उपयोगी पडते? या प्रश्नाची पहिली मोठी परीक्षा दुर्ग जिल्ह्यातच, भिलाईच्या आसपासच्या खेड्यांत झाली होती.

बावीस मिनिटे, तीस सेकंद

१९७५ साली भिलाईत टीव्ही नव्हता. मुंबईत तो १९७२ मध्ये आला होता, दिल्लीत त्याच्याही आधी. पण पोलादाच्या या शहरापर्यंत कुठल्याच केंद्राच्या लहरी पोचत नव्हत्या. १ ऑगस्ट १९७५ रोजी मात्र दुर्ग जिल्ह्यातल्या निवडक खेड्यांत टीव्ही लागला. शहराच्या आधी खेड्यात टीव्ही, असा उलटा क्रम आपल्याकडे क्वचितच घडला असेल.

हा ‘साइट’ नावाचा प्रयोग होता : उपग्रहामार्फत शिक्षण देणारी दूरचित्रवाणी. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला वापरायला मिळाला होता. सहा राज्ये, वीस जिल्हे आणि सुमारे २,४०० खेडी इस्रोने यात घेतली. तेव्हाच्या मध्य प्रदेशातून रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे जिल्हे निवडले गेले. आजचे बालोद आणि बेमेतरा त्या वेळी दुर्गमध्येच होते. गावातल्या सार्वजनिक जागी संच आणि बाहेर तारेच्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर होता आणि त्याचे चित्र मध्ये कुठलेही केंद्र न घेता थेट त्या जाळीत उतरत होते.

सकाळचा दीड तास शाळांसाठी राखीव होता. हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड या चार भाषांत तो सारखा वाटला होता. म्हणजे प्रत्येक भाषेला साडेबावीस मिनिटे. हिंदीच्या साडेबावीस मिनिटांत बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेश, तिन्ही राज्यांतली मुले एकदमच बसत. मैथिली बोलणारे, ढुंढाडी बोलणारे आणि छत्तीसगढी बोलणारे मूल एकच वाक्य एकाच वेगाने ऐकत होते.

आता दुर्गच्या एखाद्या गावातली दुसरीतली मुलगी डोळ्यांसमोर आणा. पडद्यावर बी रुजते आहे, मागून निवेदक बोलतो आहे. चित्र तिला नीट कळते, कारण असे कोंब तिने घरच्या शेतात पाहिले आहेत. मधेच ‘अंकुरण’ हा शब्द येतो आणि ती तिथे अडते. तो शब्द शेजारणीला विचारेपर्यंत रोपाला पाने फुटलेली असतात. गुरुजी शेजारीच उभे असतात, पण त्यांनाही उपग्रह थांबवता येत नाही. साडेबावीस मिनिटे संपली की पुढच्या भाषेची पाळी.

आखणाऱ्यांना ही अडचण दिसत नव्हती, असे नाही. एका चित्रासोबत दोन ध्वनिवाहिन्या पाठवण्याची सोय उपग्रहात होती. त्यामुळे तेच चित्र दोन भाषांत ऐकवता येई. सर्वांत चांगला परिणाम मात्र तिथे दिसला, जिथे टीव्हीला एकटे सोडले नव्हते. ऑक्टोबर १९७५ आणि पुढच्या वर्षीचा उन्हाळा अशा दोन खेपांत प्राथमिक शाळांच्या सुमारे ५० हजार शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण दिले गेले. त्यात टीव्ही होता, रेडिओ होता, छापील मार्गदर्शिका होती आणि हाताने करायचे प्रयोग होते. शिवाय प्रत्येक केंद्रावर शंका फेडायला एक जाणता माणूस बसलेला होता. मुलांच्या बाबतीत भाषेची वाढ आणि जिज्ञासा यांत फरक दिसला. हजेरी आणि गळती यांत टीव्हीने फारसा बदल घडवला नाही. ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला आणि उपग्रह परत अमेरिकेकडे वळवला गेला. पुढे रायपूरला जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुण्याला ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि तिने मुलांसाठी मराठीत तेच काम तीस वर्षांहून अधिक काळ केले. या सगळ्या काळात एक गोष्ट बदलली नाही. घड्याळ प्रक्षेपण करणाऱ्याच्या हातात होते.

हाटात मिळणारा धडा

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलपे लागली. ७ एप्रिलला छत्तीसगड सरकारने ‘पढ़ई तुंहर दुआर’, म्हणजे शिक्षण तुमच्या दारी, हे संकेतस्थळ सुरू केले. वर्ग ऑनलाइन झाले आणि राज्यातल्या मुलांचे दोन गट पडले : ज्यांच्या घरी स्मार्टफोन आणि नेट आहे ते, आणि बाकीचे. पावर हाउसला उभे राहिले तर हे दोन्ही गट एका फाटकाच्या अल्याड-पल्याड सापडतील.

बाकीच्यांसाठी जे उपाय निघाले, ते अधिक शिकण्यासारखे आहेत. ‘पढ़ई तुंहर पारा’मध्ये शिक्षक वस्तीतच अंतर ठेवून वर्ग भरवू लागले. बस्तरमधल्या भाटपाल गावात ध्वनिक्षेपक लावून धडे ऐकवले गेले. कोरिया जिल्ह्यातला एक शिक्षक मोटारसायकलला छत्री आणि फळा बांधून गल्लोगल्ली फिरला. आणि ‘बुल्टू के बोल’ आले. बुल्टू म्हणजे आपले ब्लूटूथ. शिक्षकांनी धडा आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करायचा आणि आठवडी बाजाराला आलेल्या पालकांच्या साध्या मोबाइलमध्ये ब्लूटूथने टाकायचा. नेट नको, डेटाचे पैसे नकोत. पाच मिनिटांची बोलकी फाइल साधारण अडीच एमबीची होते आणि ती जायला मिनिटही लागत नाही. भाजी घेता घेता धडा घरी गेला.

ही वाट छत्तीसगडला अगदी नवखी नव्हती. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वरा’ सुरू केले होते. तिथे साध्या फोनवरून मिस्ड कॉल दिला की उलट फोन येई आणि गोंडी बोलणारा माणूस आपली बातमी आपल्या भाषेत सांगू शके. लिहिता न येणाऱ्यालाही बोलता येते, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

उपग्रहाशेजारी ठेवले तर ब्लूटूथ हे अगदीच खुजे तंत्रज्ञान. त्याचा पल्ला जेमतेम दहा मीटरचा. तरीही १९७५च्या त्या मुलीला जे मिळाले नव्हते, ते यातून मिळते. धडा तिला कळणाऱ्या बोलीत येऊ शकतो. तो थांबवता येतो. चार वेळा ऐकला तरी कुणी हसत नाही. घड्याळ मुलाच्या हातात आले. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतला शिक्षणातला मोठा बदल हाच आहे. रंगीत पडदा आणि ॲनिमेशन त्याच्या खूप मागे येतात.

कान, डोळे आणि अक्षरे

थांबवण्याने सगळ्यांचेच भागते, असे मात्र नाही. कर्णबधिर मुलाला बुल्टूचा काहीच उपयोग नाही. त्याला धडा डोळ्यांनी मिळायला हवा. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि एनसीईआरटी यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये करार करून शालेय पुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचे काम हाती घेतले. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी त्यासाठीच आहे. दृष्टिहीन मुलाची गरज नेमकी उलटी. त्याच्यासाठी २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे.

डोळे-कान ठीक, पण अक्षरे जुळत नाहीत, अशी तिसरी मुले प्रत्येक वर्गात असतात. महाराष्ट्रात अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेतल्या सवलती नव्वदच्या दशकातच मिळू लागल्या होत्या. केंद्रीय कायद्यात ही अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने आली. अशा मुलाला वाक्य ऐकू येत असतानाच तो तो शब्द पडद्यावर रंगून दिसला की वाचनाची धाप कमी लागते. ही सोय आज साध्या स्मार्टफोनमध्येही असते. ती चालू करून देणारे कुणी नसते, इतकेच.

विकत घेण्याआधी

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या आणि मग देशाच्या पुस्तकांत ते छापले जाऊ लागले, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. त्या चौकोनाची ताकदही तीच : घरी, हवे तेव्हा, पुन्हा. नुसता छापलेला क्यूआर कोड मात्र कुणाला काही शिकवत नाही. तीच गोष्ट स्मार्ट बोर्डाची. चाळीस मुलांना एकच व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवला, तर तो १९७५चाच टीव्ही झाला. फरक इतकाच की, आता थांबवायचे बटण आहे आणि ते कुणी दाबले नाही.

म्हणून शाळेने कुठलेही साधन घेण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. मुलाला ते त्याच्या वेगाने चालवता येते का? मुलाच्या घरच्या भाषेला त्यात जागा आहे का? आणि जे मूल पाहू किंवा ऐकू शकत नाही, त्याच्यासाठी दुसरी वाट आहे का? तिन्हीला ‘नाही’ असेल, तर ते पैसे आणखी एका शिक्षकावर खर्च करणे बरे.

हे सारे महागड्या यंत्रावाचूनही जमते. तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी घ्या : ५२ वजा २७. दोनातून सात जात नाहीत, तिथे मुले अडतात. बाईंनी दहा-दहा काड्यांच्या जुड्या मांडून, एक जुडी सोडून दाखवतानाचा दीड मिनिटाचा व्हिडिओ आपल्याच फोनवर काढावा. फक्त हात आणि काड्या दिसू द्याव्यात; एकदा छत्तीसगढीत बोलावे, एकदा हिंदीत. ज्याला जमले त्याने पुढची गणिते करावीत, जो अडला त्याने कोपऱ्यात बसून ती जुडी सुटताना हवी तितक्यांदा पाहावी. मुख्य म्हणजे त्या वेळात बाई मोकळ्या होतात. मग त्या तिसऱ्या मुलाजवळ बसू शकतात, ज्याला वजाबाकी येते पण ५२ हा आकडा २५ दिसतो. हे कुठलेही यंत्र ओळखून देत नाही, शेजारी बसलेल्या माणसालाच ते दिसते. बाईंना अशी दहा मिनिटे मिळवून देईल, ते साधन घेण्याजोगे.

पुढील लेखांकात : मुले शिकतात वेगवेगळ्या वेगाने, पण परीक्षेची वेळ सगळ्यांना सारखीच का?